लंडन, तिघं जण, दीड लाख (विमान आणि व्हिसा सोडून), जमेल का?

सांगलीचा_बापू

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचा पदवीदान समारंभ जुलैच्या मध्यावर लीड्सला आहे, त्यासाठी मी, बायको आणि नऊ वर्षांची लेक असे तिघं जातोय. विमानाची तिकिटं झाली, व्हिसाचे पैसेही भरले (एका माणसाचे सव्वाशे पौंडांच्या वर, तिघांचे जोडले तर डोळे पांढरे होतात). आता एवढं लांब जातोच आहोत तर समारंभ झाला की सहा रात्री लंडन बघून हिथ्रोवरून परत यायचं असं ठरतंय. लेकीची शाळा बुडतेय पण बाईंना सांगून ठेवलंय.

प्रश्न असा की लंडनमधलं राहणं खाणं फिरणं सगळं मिळून दीड लाखाच्या वर जायची माझी ताकद नाही, खरंच नाही. एका ट्रॅव्हलवाल्याला विचारलं तर त्याने फक्त लंडनचेच माणशी सव्वा लाख सांगितले आणि वर म्हणाला साहेब यापेक्षा कमीत लंडन होतच नाही. ओळखीचं तिथं कोणी नाही, बहीण लीड्सला तीन मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहते त्यामुळे तिच्याकडे तळ ठोकता येणार नाही. आम्ही शाकाहारी, बायको अंडंही खात नाही. चालायची सवय आहे. मॉल वगैरेत रस नाही. कोणी असं केलंय का, आणि पैसा नेमका कुठे वाचतो आणि कुठे वाचवायला जाऊ नये ते सांगा.

हॅरोवाली_मावशी

बापू, ट्रॅव्हलवाल्याचं मनावर घेऊ नका. मी इथे बरीच वर्षं राहते आणि आमच्याकडे दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पाहुणे असतातच, त्यामुळे हा हिशोब मला तोंडपाठ आहे. लंडनमध्ये महाग आहे ती रात्रीची झोप. दिवस बऱ्यापैकी फुकट जातो. तेव्हा तुमची सगळी डोकेफोड राहण्याच्या जागेवर करा, बाकीचं आपोआप जमतं.

जुलैत तिघांना झोपता येईल अशी बरी खोली १०० पौंडांच्या खाली मिळणं अवघड आहे, पण आत्तापासून बघितलं तर १००च्या आसपास मिळते. तीन जागी शोधा. एक म्हणजे ट्रॅव्हलॉज, प्रीमियर इन असल्या साखळी हॉटेलांच्या फॅमिली रूम, मुलांसाठी सोफ्याचा बेड असतो, आणि प्रीमियर इनमध्ये एका मोठ्या माणसाने पूर्ण नाश्ता घेतला की दोन मुलांचा नाश्ता फुकट, तो घ्या आणि लेकीला दुपारपर्यंत भूक लागणार नाही इतकं खाऊ द्या. दुसरं, युनिव्हर्सिट्यांची हॉस्टेलं. पोरं उन्हाळ्यात घरी जातात आणि त्या खोल्या प्रवाशांना देतात, एलएसईसारख्या कॉलेजांची तर अगदी मध्यवस्तीत आहेत, काहींत तीन-चार कॉटच्या खोल्या असतात. लहान मुलं चालतात का ते मात्र आधी विचारून घ्या. तिसरं, यूथ हॉस्टेल म्हणजे वायएचए. नावावर जाऊ नका, फॅमिलीसाठी वेगळी खोली मिळते, सेंट पँक्रासचं तर तुमची लीड्सची गाडी जिथे येते त्या किंग्ज क्रॉसपासून चालत आहे. काही वायएचएंमध्ये स्वयंपाकघरही असतं.

इंग्लंडच्या शाळांना सुट्टी लागते जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्याच्या आधी तुमचं लंडन उरकत असेल तर फार बरं, नंतर भाव आणि गर्दी दोन्ही चढतं.

घाटावरचा_प्रवासी

मावशींशी ९० टक्के सहमत पण मध्यवस्तीचा हट्ट धरू नका असं मी म्हणेन. आम्ही हाउन्स्लोला राहिलो होतो, पौंडामागे पौंड वाचले, खाली उतरलं की इडली डोसा समोसा सगळं, भाज्यांच्या दुकानात मेथीची जुडी बघून आईला जितका आनंद झाला तितका लंडन ब्रिज बघून झाला नव्हता. वेम्बली, साउथॉल, इलफर्ड इकडेही तसंच. आणि शेवटच्या दिवशी हिथ्रो जवळ.

हॅरोवाली_मावशी

@घाटावरचा_प्रवासी लांब राहून वाचतात किती ते एकदा कागदावर मांडून बघा. भाड्यासाठी शहराचे झोन पाडलेत, १ म्हणजे मध्यवस्ती, नंबर वाढेल तसं बाहेर. झोन १-२ मध्ये एका माणसाचा दिवसभराचा प्रवास कितीही केला तरी साधारण ९ पौंडांवर थांबतो, झोन ४ पर्यंत गेलात की दिवसाला अजून ४ पौंड. दोन माणसं, रोज ८ पौंड जास्त, वर जाऊन येऊन दीड-दोन तास ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत. नऊ वर्षांचं पोर संध्याकाळी सात वाजता दमलं तर मध्यवस्तीत राहणारा माणूस खोलीवर जाऊन तासभर आडवा होतो आणि पुन्हा बाहेर पडतो, जुलैत नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. हाउन्स्लोवाला एकदा परत गेला की गेला. खोलीच्या भाड्यात रात्रीला २५-३० पौंडांचा फरक पडत असेल तरच लांब जा. १० पौंडांसाठी नको.

आता प्रवास. बापू, हे नीट वाचा कारण इथेच आपली माणसं गोंधळतात.

बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, २०१४ पासून बंद आहे. कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं. बसचं भाडं अंतर कितीही असो, १.७५ पौंड, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात दुसरी तिसरी बस पकडली तर तिचे पैसे लागत नाहीत. दिवसभर फक्त बसनेच फिरलात तर ५.२५ च्या वर कापत नाहीत, मग तुम्ही झोन १ मध्ये असा की झोन ६ मध्ये. बसमध्ये चढतानाच टेकवायचं, उतरताना नाही. ट्यूबला मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा, आणि तेच कार्ड. सकाळी कार्ड टेकवलं आणि दुपारी त्याच कार्डाचं मोबाईलवालं रूप टेकवलं तर मशीनला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि ती दिवसाची मर्यादा तुम्हाला लागू होत नाही. तुमचं एक कार्ड, बायकोचं वेगळं, एकाच कार्डावर दोघं जाता येत नाही. लेक अकराच्या आतली म्हणून बसमध्ये फुकट आणि ट्यूबमध्येही तुमच्याबरोबर फुकट, फाटकाशी रुंद गेट असतं तिथल्या माणसाला सांगितलं की सोडतो.

निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचं आंतरराष्ट्रीय वापर आणि कॉन्टॅक्टलेस ही दोन्ही बटणं चालू करा, नवीन कार्डांवर ती बंदच असतात. आणि साध्या क्रेडिट कार्डावर बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप (परकी चलनाचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी लावते, म्हणून फॉरेक्स कार्ड किंवा मार्कअप नसलेलं कार्ड घेऊन या. दुकानातलं मशीन विचारतं रुपयात कापू की पौंडात, नेहमी पौंड दाबा. रुपये दाबले की भाव ते ठरवतात.

कोल्हापुरी_रस्सा

खाण्याचं मी सांगतो, कारण इकडे आम्ही लेकाच्या ॲडमिशनला आलो तेव्हा तोच माझा विषय होता 😄

बॅगेत: थालीपीठाची भाजणी नको, तवा कुठून आणणार. मेतकूट, इन्स्टंट पोहे-उपमा (नुसतं उकळतं पाणी ओतायचे), दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, आणि चहाची पूड. बहुतेक हॉटेलच्या खोलीत किटली असतेच. पेढे, बर्फी, खवा, तूप असलं दुधाचं काही नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील. बहिणीला कंदी पेढे न्यायचा बेत असेल तर आत्ताच रद्द करा. आणि खोलीत फोडणी वगैरेचा विचार मनातही आणू नका, धुराचा अलार्म वाजला की अख्खं हॉटेल खाली रस्त्यावर.

दुपारी सुपरमार्केटचं मील डील, टेस्को, सेन्सबरीज, बूट्स कुठेही, एक सँडविच किंवा पास्ता, एक वेफर्स किंवा फळ, एक पेय, ४ पौंडांच्या आसपास. टेस्कोचं क्लबकार्ड असेल तर त्याहून कमी. बायको अंडं खात नाही ना, मग सँडविचवर मागे बारीक अक्षरात ठळक केलेले शब्द वाचायचे, एग असेल तर ठळक छापलेलं असतं, व्हेजिटेरियन लिहिलेल्यातही अंड्याचं मेयोनीज असतं. व्हेगन लिहिलेलं उचललं की प्रश्नच मिटला. ते घेऊन बागेत बसायचं. हिरवळ बघून बसा, पण पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या आरामखुर्च्या मांडलेल्या दिसतील त्यावर बसलात की भाडं लागतं.

रात्री गरम आणि आपलं हवं असतं, त्यासाठी यूस्टनच्या मागचा ड्रमंड स्ट्रीट. भेळपुरीवाली जुनी शाकाहारी हॉटेलं आहेत तिथे. नाहीतर वेम्बलीचा ईलिंग रोड, सगळा गुजराती, एकदा ट्यूबचे पैसे गेले तरी तिघांचं पोट भरतं. साउथॉलला हॅवलॉक रोडचा गुरुद्वारा मोठा आहे, लंगर सगळ्यांना खुला, डोकं झाकायचं, जमिनीवर बसायचं, जमलं तर दानपेटीत काहीतरी टाकायचं.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं पिता येतं, बाटली भरून निघायचं. हॉटेलात टॅप वॉटर म्हणा, फुकट देतात. आणि बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो, तो बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो, नको असेल तर शांतपणे सांगा काढा म्हणून.

रोखठोक_पुणेकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. किटलीतले पोहे आणि बागेतलं सँडविच खाऊन लंडन बघण्यापेक्षा दोन वर्षं थांबा, पैसे साठवा आणि नीट जा. लंडन आयच्या मोठ्या पाळण्यात चढायचं नाही, टॉवर ऑफ लंडनचा किल्ला बघायचा नाही, नाटक नाही, मग काय बघितलं? नुसत्या बसमधून इमारती? पौंड सव्वाशेच्या आसपास आहे, प्रत्येक कॉफीला रुपयात गुणाकार करत फिरण्यात मजा नसते.

सांगलीचा_बापू

राग नाही साहेब. पण बहिणीचा समारंभ दोन वर्षं थांबणार नाही आणि विमानाचे पैसे एकदाच जाणार आहेत. पोहे तर आम्ही घरीही खातो.

मावशी, रस्सा, खूप आभार. तुमच्या आकड्यांवरून हिशोब मांडला, चुकला असेल तर सांगा. खोली १०० × ६ = ६००. खाणं दिवसाला ४० धरलं, २४०. प्रवास काही दिवस बस काही दिवस ट्यूब असा सरासरी १५, म्हणजे ९०. एकूण ९३०, सव्वाशेने १ लाख १६ हजार. म्हणजे ३४ हजार हातात राहतात. लीड्स ते लंडन गाडी त्यातच बसवायची. लेकीला डायनोसॉर बघायचाय आणि बायकोची एकच अट आहे की एक तरी पैसे देऊन बघायची जागा बघायची, गावात सांगायला.

हॅरोवाली_मावशी

हिशोब बरोबर आहे. वहिनींची अट रास्त आहे, टॉवर ऑफ लंडन करा. तिघांचे ११ हजारांच्या आसपास जातील, कोहिनूर तिथेच आहे, अर्धा दिवस सहज जातो. लंडन आय मात्र सोडा. उंचावरून बघायचं तर स्काय गार्डन फुकट आहे, फक्त आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, साधारण तीन आठवडे आधी सोमवारी नवीन वेळा उघडतात आणि भराभर संपतात. तिथे नाही मिळाली तर होरायझन २२ बघा, तेही फुकट आणि त्याहून उंच.

लीड्सची गाडी: अ‍ॅडव्हान्स तिकीट आत्ताच काढा, ऐन वेळी काढलंत तर दुप्पट-तिप्पट. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड ३५ पौंडांना येतं, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट, तुमच्या गाडीच्या भाड्यावर फायदा होतोय का ते गणित करून मगच घ्या. वेळ असेल तर कोच, म्हणजे बस, स्वस्त पडते, व्हिक्टोरियाला उतरवते, पण चार-साडेचार तास.

परतताना हिथ्रोला पिकाडिली लाइनने जा, माणशी ६ पौंडांच्या आसपास. एलिझाबेथ लाइन छान आहे पण त्याच प्रवासाला दुपटीहून जास्त, आणि हिथ्रो एक्सप्रेसच्या पाट्या तर वाचूच नका.

इतिहासवेडा_विदर्भ

डायनोसॉर म्हणजे नॅचरल हिस्टरी म्युझियम, फुकट. आत शिरल्या शिरल्या मोठ्या हॉलमध्ये छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय, तोंड खाली करून झेप घेतल्यासारखा, लेक तिथेच अर्धा तास मान वर करून उभी राहील. फुकट तिकीट ऑनलाइन आधी घ्या म्हणजे रांग कमी. त्याला लागूनच सायन्स म्युझियम आणि रस्त्यापलीकडे व्ही अँड ए म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, तिन्ही फुकट. इंग्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयांत कायमस्वरूपी दालनांना २००१ पासून तिकीटच नाही, रोखठोक साहेबांनी हे लक्षात घ्यावं. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, सगळं त्यात आलं.

व्ही अँड एमध्ये शिवाजी महाराजांची वाघनखं बघायची म्हणून आपली बरीच माणसं जातात, पण ती जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या बोलीवर. म्हणजे तुम्हाला ती बघायला सांगलीहून सातारा जवळ होतं 😀 आणि ती महाराजांनीच वापरली असं खात्रीने सांगता येत नाही हे ते म्युझियम स्वतःच म्हणतं, पण तो वाद इथे नको. तिथली प्लास्टरच्या प्रतिकृतींची दालनं बघा, रोमचा ट्राजनचा स्तंभ छतात मावेना म्हणून दोन तुकड्यांत उभा केलाय.

आता आपल्या दोन जागा, ज्या ट्रॅव्हलवाले दाखवत नाहीत.

एक, १० किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने हे घर २०१५ मध्ये विकत घेतलं, आता स्मारक आहे, प्रवेशाला पैसे नाहीत. चॉक फार्म स्टेशनवरून चालत. साधं चार मजली विटांचं घर, शेजारी तशीच घरं, बोर्ड नसता तर तुम्ही पुढे गेला असता. उघडण्याच्या वेळा आधी बघून जा. तिथून प्रिमरोझ हिल दहा मिनिटांवर, टेकडीवरून अख्खं लंडन दिसतं, लंडन आयचे पैसे इथे वसूल.

दुसरी, हायगेटचं ६५ क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलेलं इंडिया हाउस, सावरकर १९०६ मध्ये आले ते इथेच राहिले. भिंतीवर निळी गोल पाटी आहे. पण हे लोकांचं राहतं घर आहे, बाहेरूनच बघायचं, बेल वाजवायची नाही, दारात उभं राहून घोषणा तर अजिबात नको (लोकांनी केलंय म्हणून सांगतो).

आणि आठवड्यात काही कार्यक्रम असेल तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. बाहेरगावच्या माणसाला मराठी ऐकून बरं वाटतं.

घाटावरचा_प्रवासी

लेकीसाठी अजून एक. डीएलआर नावाची हलकी रेल्वे आहे, तिला चालकाची केबिनच नसते. बँक स्टेशनला पहिली गाडी सोडून द्या, पुढच्या गाडीत सगळ्यात पुढच्या सीटवर लेकीला बसवा, समोर काच आणि रूळ, तिला वाटतं तीच चालवतेय. कटी सार्कला उतरून ग्रीनिच बाग, टेकडी चढून नदी आणि उंच इमारती. वेधशाळेच्या आतल्या शून्य रेखांशाच्या रेषेवर फोटोला तिकीट लागतं, पण तीच रेषा बाहेरच्या भिंतीवरही आखलेली आहे, तिथे फुकट. येताना थेम्सच्या खालून चालत जायचा जुना बोगदा आहे, तोही फुकट, लिफ्ट बंद असेल तर पायऱ्या बऱ्याच आहेत एवढंच.

आणि टुरिस्ट बसचे पैसे घालवू नका, ९ नंबर आणि १५ नंबर या साध्या बसेसच्या वरच्या मजल्यावर पुढे बसा. ९ने अल्बर्ट हॉल, हाइड पार्क कॉर्नर, ट्रफाल्गर. १५ने सेंट पॉल्स आणि टॉवर.

मुंबईकर_मिडविकेट

क्रिकेट कोणीच काढलं नाही? लॉर्ड्सची टूर महाग आहे, पण मिडलसेक्सचा काउंटी सामना असेल त्या दिवशी तिकीट कसोटीच्या मानाने किरकोळ असतं आणि त्याच मैदानावर दिवसभर बसता येतं, घरचा डबा घेऊन. वेंगसरकरांनी १९७९, ८२ आणि ८६ अशा लागोपाठ तीन लॉर्ड्स कसोट्यांत शतकं ठोकली, ते मैदान बघायचं नाही म्हणजे काय. वहिनी कंटाळल्या तर बाजूलाच रीजंट्स पार्क आहे.

सांगलीचा_बापू

वहिनी कंटाळत नाहीत, तीच माझ्यापेक्षा जास्त बघते क्रिकेट 🙂 एक विचारू का, नाटकाचं कसं? रोखठोक साहेबांनी म्हटलं ते डोक्यात राहिलं. आणि बाथरूमची सोय, लहान मूल आहे.

हॅरोवाली_मावशी

नाटकाला लेस्टर स्क्वेअरला टीकेटीएस म्हणून खिडकी आहे, त्या दिवसाची आणि पुढच्या एक-दोन दिवसांची उरलेली तिकिटं कमी भावात मिळतात. शेक्सपिअर्स ग्लोबमध्ये उभं राहून बघायची तिकिटं ५ पौंडांपासून असतात, पण तीन तास उभं राहायचं आणि पाऊस आला तर भिजायचं, नऊ वर्षांच्या पोराला नको. त्यापेक्षा तुम्ही जुलैच्या मध्यावर असाल तर अल्बर्ट हॉलला प्रॉम्स सुरू होतात, पाश्चात्त्य संगीताच्या मैफिली, उभ्याची तिकिटं त्याच दिवशी ८ पौंडांच्या आसपास. कंटाळा आला तर मध्यंतरात निघा, कोणी विचारत नाही.

सेंट पॉल्स आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीला दिवसा आत जायचं तर तिकीट भारी आहे. पण संध्याकाळी इव्हनसाँग म्हणजे त्यांची गायनाची प्रार्थना असते, तिला कोणीही फुकट बसू शकतं. फिरायला मिळत नाही आणि फोटो काढायचे नाहीत, पण त्या घुमटाखाली बसून पोरांचं गाणं ऐकायला मिळतं. अर्धा तास आधी जा.

बाथरूमचं म्हणाल तर किंग्ज क्रॉस, व्हिक्टोरिया, पॅडिंग्टन, वॉटर्लू या मोठ्या रेल्वे स्टेशनांवर २०१९ पासून पैसे घेत नाहीत. ट्यूबच्या बऱ्याच स्टेशनांवर सोयच नसते, म्हणून म्युझियममधून निघताना तिला विचारू नका, सरळ घेऊन जा. छोटी छत्री नको, वाऱ्याने उलटी होते, टोपीची जॅकेटं घ्या तिघांना. आणि खोलीचं बुकिंग करताना फुकट रद्द करता येणारं आज करून टाका, स्वस्त मिळालं तर नंतर बदला.